तुझ्या माश्या आणि माझा गूळ

शांत्या,

तुझ्या अंत्ययात्रेला दहा हजार माणूस होतं, असं मी कराडच्या बाजारात सांगून टाकलंय. तू असतास तर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला असतास, "दिन्या, तीनशे. त्यातली वीस एसटीची वाट बघत उभी होती." पण तू नाहीस, त्यामुळं दहा हजार हा आकडा आता कायम झाला. बघ, मरून केवढं नुकसान करून घेतलंस.

खरं सांगायचं तर ती गर्दी बघून माझं पोट दुखलं. आयुष्यभर तालुक्यातल्या प्रत्येक लग्नात पंगतीला वाढलं मी, प्रत्येक भांडणात मध्ये पडलो मी, आणि रडायला माणसं जमली ती तुझ्यासाठी. तू तर उभ्या जन्मात कुणाशी पाच मिनिटांवर बोलला नाहीस. बोललास ते माश्यांवर. आणि गेलास तरी कसा? निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी सांगलीच्या त्या कॉलेजातल्या मागच्या खोलीत जाऊन बसायचास. तिथंच, सूक्ष्मदर्शकापुढं, टेबलावर डोकं टेकून. चहा आणायला गेलेली तुझी विद्यार्थिनी वैशाली परत येईपर्यंत खेळ खलास. माझा थोरला भाऊ चार महिने अंथरुणावर होता. मला काय मिळणार आहे ते देवाला ठाऊक. मरणातसुद्धा पहिला नंबर तुझाच.

पन्नास वर्षं मी तुझ्यावर जळत आलोय. माझ्या गुऱ्हाळाचं चुलवाण तरी पावसाळ्यात विझतं. हे तुला कधी सांगितलं नाही. आणखी एक गोष्ट सांगितली नाही. एकदा तुझ्यासमोर उभं राहून, तुझ्या डोळ्यात बघून मी खोटं बोललो होतो. तू म्हणशील, एकदा? बरं, हजारदा. पण बाकीची सगळी गंमत होती. हे एकच खोटं होतं.

जळण्याची सुरुवात साताऱ्यात झाली. आपण नववीत. जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन. आपल्या दोघांचा मिळून एक प्रयोग: काचेच्या बरणीत सडकं केळं, आणि त्यावर जमलेल्या बारक्या माश्या. बरणी माझ्या आईची, केळं तुझ्या वडलांच्या भुसारी दुकानाशेजारच्या गाड्यावरचं. तू माश्या मोजायच्या आणि मी बोलायचं, असं ठरलं होतं. परीक्षक आले. सात प्रश्न विचारले. सातही प्रश्नांची उत्तरं मी दिली, अशी झोकात दिली की शेजारच्या टेबलावरची पोरं आपलं पाणी शुद्ध करायचं यंत्र सोडून ऐकायला आली. माश्यांना मराठी कळतं आणि 'उठा' म्हटलं की त्या उठतात, इथपर्यंत मी गेलो होतो. मग परीक्षकांनी आठवा प्रश्न तुला विचारला. "यातल्या एकीचे पंख आखूड का आहेत?"

तू बराच वेळ बरणीकडं बघितलंस आणि म्हणालास, "मला ठाऊक न्हाई."

आणि बक्षीस तुला! सात उत्तरं देणाऱ्याला टाळ्या, आणि एक उत्तर न देणाऱ्याला पेन. परतीच्या गाडीत मी तुझ्याशी बोललो नाही. तू ते पेन माझ्यापुढं धरलंस आणि म्हणालास, "घे रं गड्या. पण तिचे पंख का आखूड असतील?" मी पेन घेतलं. प्रश्न तू ठेवलास. त्या पेनची शाई दिवाळीपर्यंत संपली.

तुझ्या घरी तुझ्या या नादाचा आनंदीआनंदच होता. आक्का पाणी तिपदरी फडक्यातून गाळणारी, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकणारी. तिच्या पोटचा पोरगा इथर हुंगवून माश्या बेशुद्ध करतो आणि मोजून झाल्यावर तेलाच्या बाटलीत टाकतो, हे कळलं तेव्हा ती ओसरीवर बसून राहिली. मी समोरच होतो. मी म्हणालो, "आक्का, माशी हो ती. चार दिवसांचं आयुष्य."

"तुला इचारलं व्हय रं?" आक्का म्हणाली. मग तुला, "शांतू, आज किती?"

तू खाली मान घालून म्हणालास, "दोनशे सोळा."

मला वाटलं, आता हा शिकणं सोडणार. पण आक्कानं वेगळाच तोडगा काढला. म्हणाली, जितक्या मारशील तितक्या लिहून ठेव, उगं एक जास्त न्हाई, आणि चतुर्दशीला उपास धर. झालं. सगळ्या जगातल्या शास्त्रज्ञांच्या वहीत एक हिशोब असतो, तुझ्या वहीत दोन असायचे. मला याचाही हेवा वाटायचा. माझ्या आईनं माझ्या थापांवर असा एखादा उपास लावला असता तर मी आज पंचा नेसून हिंडत असतो.

पुढं तू परदेशात जाऊन आलास. तिथं राहा म्हणत होते, राहिला नाहीस. मी बाजारात सांगितलं, मीच तार करून बोलावून घेतला. तू आलास, सांगलीच्या कॉलेजात दोन खोल्या मिळवल्यास आणि एक दिवस थेट माझ्या गुऱ्हाळावर हजर. हातात बाटल्या, पिशवीत केळी.

मला वाटलं, दोस्त भेटायला आला. तू माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. काहिलीत रस रटरटत होता, चुलवाणाची धग अशी की रस ढवळणाऱ्या गुळव्याच्या मिशा करपाव्यात, आणि तू त्या धगीशेजारी भिंतीला नाक लावून उभा.

"दिन्या, इथं माश्या कशा काय जगतात रं?"

"गूळ खाऊन," मी म्हणालो.

"न्हाई. इतक्या उष्णतेत माझ्या प्रयोगशाळेतली माशी पाच मिनिटांत आडवी होईल. या तर फिरायला आल्यागत हिंडायला लागल्यात."

त्या दिवशी माझ्या गुऱ्हाळातल्या माश्या तू बाटल्यांत भरून नेल्यास. कुपवाडच्या एका वर्कशॉपात जुन्या फ्रिजला बल्ब बसवून तुला हवं तसं ऊबदार कपाट करून घेतलंस. माशीला नळीत घालून तापवायचं, जी जास्त वेळ पायावर उभी राहील तिची वीण पुढं चालवायची, तिच्या पोरांतली पुन्हा तापवायची. बारा-चौदा दिवसांत एक पिढी. हा काटकपणा आईबापाकडून पोरात कसा उतरतो, नेमका कुठल्या गुणसूत्रावर बसून येतो, एवढं तुला शोधायचं होतं. अकरा वर्षं तू तेच केलंस. तीनशेच्या वर पिढ्या. माझ्या घराण्याच्या मला चार पिढ्या माहीत, त्यातल्या दोन मी बनवलेल्या.

आणि त्या माश्यांचं खाणं? मक्याचं पीठ, यीस्ट आणि गूळ. माझा गूळ. दरवर्षी दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताची पहिली ढेप तुला. घरी खायचा, पावडर न टाकलेला, काळपट तांबडा.

ती पावडर काय ते तुला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांना सांगतो. व्यापाऱ्याला गूळ पिवळाधमक लागतो. उसाच्या रसातून तसा निघत नाही. मग उकळत्या रसात एक रसायन टाकायचं, की गूळ सोन्यागत उजळतो. सगळे टाकतात. मी टाकत होतो. फक्त घरच्या आणि तुझ्या ढेपेत नाही.

मग काय, मी बाजारात छातीवर हात मारून सांगायला लागलो: "दुनियेचं शास्त्र माझ्या गुळावर वाढतंय! परदेशातले लोक कागद वाचतात त्यात माझ्या माश्या, माझा गूळ!" आणि लोकांनी तुला विचारलं की तू म्हणायचास, "व्हय. याचाच गूळ."

तू एरवी माझी एक थाप सुखानं उडू दिली नाहीस. शिराळ्याच्या नागपंचमीला माझ्या गळ्यात नऊ फुटी नाग पडला होता, ही गोष्ट मी तीस जणांसमोर रंगात आणली होती. तू मागून म्हणालास, "धामण होती. पाच फूट. आणि ती शेजारच्याच्या पायावरनं गेली." माझ्या गुऱ्हाळाचा धूर साताऱ्याच्या किल्ल्यावरून दिसतो म्हटलं, तर तू वाऱ्याची दिशा काढलीस. पण गुळाचं मात्र, "व्हय. याचाच." कारण ते खरं होतं. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी बढाई आणि ती खरी! सांग, कुणाला जमलंय?

आता त्या पाडव्याकडं येतो. एकोणीस वर्षं झाली.

त्या दिवाळीत तुझ्याकडं परदेशातला एक मोठा शास्त्रज्ञ येणार होता. तू सहज बोलून गेलास, "त्याला तुझ्या गुळाची ढेप दाखवणार हाय." शांत्या, तुला काय जातंय असं बोलायला! मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आपल्याकडं पाहुण्यापुढं काळा गूळ कुणी ठेवतं का? लेकीच्या सोयरिकीला तसला गूळ ठेवला तर सोयरीक मोडेल. त्यात शिराळ्याकडचा तो बाबूराव. भेंडीच्या पाण्यानं रस साफ करतो, पावडर टाकत नाही, आणि त्याचा गूळ म्हणजे रस्त्याचं डांबर. माझी ढेप तशी दिसली तर तो पाहुणा काय म्हणेल? आमच्याकडं दोस्ताला डांबर देतात?

गुळव्या म्हणाला, "मालक, ही तर शांतिनाथ सरांची काहील न्हवं?"

"म्हणूनच," मी म्हणालो. आणि नेहमीपेक्षा दोन मुठी जास्त टाकली.

ढेप अशी उजळली की हळदीच्या नवरीनं लाजावं. रेशमी कापडात गुंडाळून मी ती स्वतः सांगलीला पोचवली. पाहुण्यानं फोटो काढला. मी त्यातही आहे, ढेपेच्या डावीकडं.

भाऊबीज होऊन आठवडा झाला आणि तू गुऱ्हाळावर आलास. बाटल्या नव्हत्या, केळी नव्हती. उभ्या उभ्या विचारलंस, "दिन्या, गूळ घरच्यागतच केलावतास न्हवं? पावडर न्हवती न्हवं?"

मी म्हणालो, "आईशप्पथ न्हाई."

पावडरीचा डबा माझ्या पायामागं होता. मी पाय जरा पसरला. तू डब्याकडं बघितलंस. मग माझ्याकडं. म्हणालास, "बरं."

मी म्हणालो, "जेवून जा. वांग्याची भाजी हाय, गरम भाकरी हाय."

"उपास हाय."

"आज कसली रं चतुर्दशी?"

"न्हाई. असाच धरलाय," म्हणालास आणि गेलास. मी तुझ्या पाठमोऱ्या सदऱ्याकडं बघून गुळव्याला म्हणालो, "बघ. गोऱ्यासंगं जेवला, आता आपलं वांगं चालंना."

पुढच्या महिन्यात पुन्हा बाटल्या घेऊन आलास, पुन्हा धगीशेजारी नाक लावून उभा. मी विचारलं, "जुन्या माश्या काय झाल्या?"

"नव्यानं सुरुवात करायची म्हणतोय," म्हणालास. मी बाजारात सांगितलं, माझ्या माश्यांना परदेशातनं इतकी मागणी आली की साठा संपला. तू शेजारी होतास. दुरुस्त केलं नाहीस. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आणि त्यानंतरही दर पाडव्याला माझी ढेप सांगलीला जात राहिली. पावडर न टाकलेली, हे तुझ्याच पायाची शपथ घेऊन सांगतो. तुझ्या ढेपेत पुन्हा चिमूटभर गेली नाही. पण तुला सांगणार कसं? 'आता टाकत नाही' म्हटलं की 'तेव्हा टाकली होती' हे आलंच. एकोणीस वर्षं ढेप पाठवली आणि एकोणीस वर्षं तोंड मिटून बसलो. माझ्यासारख्याचं तोंड! आणि लोकांनी विचारलं की तुझं ठरलेलं: "व्हय. याचाच गूळ."

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुझ्या प्रयोगशाळेत गेलो. वैशाली तुझी पहिली विद्यार्थिनी, आता स्वतः प्राध्यापक. तिचेही केस पिकले. ती माश्यांचं खाद्य शिजवत होती. कोपऱ्यात गुळाची ढेप. काळी. डांबर.

मी म्हणालो, "हा कुणाचा?"

  तिनं ढवळणं थांबवलं नाही, पण सांगितलं. "बाबूरावांचा, काका. एकोणीस वर्षं त्यांचाच."

मग सगळंच सांगितलं. त्या दिवाळीत भाऊबीजेसाठी गावी जायचं म्हणून तिनं एकाच दिवशी सगळ्या बाटल्यांतल्या माश्या नव्या खाद्यावर उलटल्या आणि जुन्या बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या. तुझ्या दोस्ताच्या गुळाचं खाद्य आधी तपासून बघायची तिथं रीतच नव्हती. सुट्टीवरून परत आली तर बाटल्यांत हालचाल नाही. अळ्या काचेला चिकटून वाळलेल्या. अकरा वर्षं, तीनशे पिढ्या. पोरगी रडायला लागली तर तू म्हणालास, तुझी चूक नाही, आणि वही उघडलीस. सगळ्या बाटल्यांतल्या मेलेल्या माश्या मोजल्यास. दोन दिवस लागले. आकडा लिहिलास आणि तीन दिवस पाण्यावर राहिलास. त्यातल्याच तिसऱ्या दिवशी तू माझ्याकडं आला होतास. मी तुला वांगं वाढत होतो.

"आणि माझ्या ढेपा?" मी विचारलं.

"सर घरी न्यायचे."

तुझ्या घरी गेलो. पद्मावहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमचा गूळ गायीला घालायचो." मग माझं तोंड बघून म्हणाल्या, "पण पहिला खडा हे खायचे. दरसाल. तुमचा म्हणून."

शांत्या, माझं काय झालं असेल, सांग. दुःख झालं, हो. लाज वाटली. पण आधी काय झालं असेल तर जळफळाट! बाबूराव! त्या डांबऱ्याच्या गुळावर तुझे ते सगळे कागद, ते मानसन्मान, आणि त्याला पत्तासुद्धा नाही. तो समजतो, कॉलेजच्या वसतिगृहाला गूळ जातो. आणि माझ्या गुळावर गाय. पुढच्या एकोणीस ढेपांत चिमूटभर नव्हती रे. एकदा, एक खडा खाद्यात टाकून बघायचा होतास. पण तू का बघावंस? मी शपथ घेतली होती, आणि तू त्या शपथेची किंमत डब्यासकट बघितली होतीस.

दुसरा जळफळाट त्याहून मोठा. अख्ख्या कराड तालुक्यात खोटं बोलण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, असं मी समजून होतो. आणि तू, दशांश चिन्हाच्या पुढं तीन आकडे लिहिणारा, धामणीची लांबी मोजणारा तू, एकोणीस वर्षं भर बाजारात, चहाच्या गाड्यावर, माझ्या पोरीच्या लग्नात, सरळ चेहऱ्यानं म्हणत राहिलास: "व्हय. याचाच गूळ." कुणालाच संशय आला नाही. मलासुद्धा नाही. तेवढा एक मान माझा होता, तोही घेऊन गेलास.

कराडात तुझी शोकसभा झाली. अध्यक्ष म्हणाले, आता दिनकरराव त्यांच्या गुळाची आणि सरांच्या संशोधनाची गोष्ट सांगतील. मी उठलो. ठरवूनच गेलो होतो. म्हणालो, "माझ्या गुळानं शांतिनाथची अकरा वर्षं मारली. पावडर घातली होती. मला विचारलं तर मी आईशप्पथ खोटं बोललो. त्यानंतर माझा एक खडासुद्धा त्याच्या माश्यांनी खाल्लेला नाही. शास्त्र वाढलं ते बाबूरावच्या गुळावर. माझ्या गुळावर वाढली ती गाय."

 मागून कुणीतरी हसलं. मग सगळेच. रडून सुजलेली माणसं पोट धरून हसायला आणि टाळ्या पिटायला लागली. पहिल्या रांगेतला गणपतअण्णा डोळे पुसत म्हणाला, "दिनकरा, लेका, आजच्या दिवस तरी खरं बोल की!"

मी वैशालीकडं बघितलं. साऱ्या सभेत एकटी तीच हसत नव्हती. मी डोळ्यांनीच म्हणालो, ऊठ, सांग यांना. ती उठली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "काका, सरांनी वचन घेतलंय. या गोष्टीतलं काही बाहेर जायचं न्हाई म्हणून."

म्हणजे तू एक खोटं बोललास ते साऱ्यांनी डोक्यावर घेतलं. मी जन्मात एक खरं बोललो, त्याला टाळ्या पडल्या. साताऱ्यातलंच सगळं पुन्हा, फक्त या खेपेला पेन कुणालाच नाही.

दुसऱ्या दिवशी पावडरीचा डबा उकिरड्यावर उपडा केला. व्यापारी म्हणाला, "दिनकरराव, हा काळा माल कोण घेणार?" मी म्हणालो, "माश्या." पहिली ढेप वैशालीकडं नेली. तिच्या टेबलावर ठेवून म्हणालो, एका बाटलीला घाल. एकाच. शेजारी बाबूरावच्या गुळाची बाटली ठेव. ती म्हणाली, तुमच्याच हातानं घाला. माझ्या या राकट हातांनी मी खाद्य ओतलं, माश्या उलटताना दोन माझ्याच नाकात गेल्या. दोन्ही बाटल्यांवर तिनं तारीख लिहिली.

काल तू जाऊन महिना झाला. काल मी सांगलीला बाटल्या बघायला गेलो. माझ्या बाटलीत माश्या होत्या, शांत्या. काचेवर चढत होत्या, लालबुंद डोळ्यांच्या. माझ्या तोंडात 'लाखभर' आलं होतं, जिभेच्या टोकावर होतं. मग तुझ्या स्टुलावर बसलो, तुझा ब्रश घेतला, त्यांना गुंगी दिली आणि एकेक करून मोजल्या. तीनदा मोजल्या.

सदतीस.

बाबूरावच्या बाटलीत एक्केचाळीस. वैशाली म्हणते, चारचा फरक म्हणजे फरकच नव्हे, असं सर सांगायचे. तुला काय जातंय सांगायला! मला रात्रभर डोळा लागला नाही.